डावा पाय फाटकाच्या आत

सोनखांबच्या ग्रामीण रुग्णालयात बरा झालेला माणूस आभार मानल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. फाटकाशी आला की त्याचे पाय उचलत नाहीत.

हा नियम कुणी केलेला नाही. रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून हे असंच आहे. मध्यंतरी बांधकाम खात्याचे अभियंते येऊन फाटक तपासून गेले. फाटकात दोष नाही, जमिनीचा उतार योग्य आहे, असा त्यांनी अहवाल दिला. ते रुग्ण नसल्यामुळे चालत आले तसे चालत गेले. गाडीतून न्यायचं म्हटलं तर गाडी बंद पडते. खांद्यावर घेतलं तर घेणाऱ्याचे पाय थांबतात. सोबतीला राहिलेल्या माणसालाही हे लागू आहे, कारण चादर आणि धीर त्यालाही दिला जातो. नवजात बाळांचं रडणं आभार म्हणून धरतात.

आभार नेमक्या माणसाचे आणि नेमक्या कामाचे मानावे लागतात. मागच्या उन्हाळ्यात एका पक्षाचे तालुकाध्यक्ष लग्नाच्या जेवणातून विषबाधा होऊन दाखल झाले होते. बरे झाल्यावर त्यांनी अधीक्षक डॉक्टर तडवींना पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि फाटकाशी येऊन थांबले. कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या. उपयोग झाला नाही. शेवटी सफाईच्या हौसाबाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ओकलात ते कुणाच्या अंगावर, आठवतंय का?" तालुकाध्यक्षांना आठवलं. त्यांनी हात जोडले, आणि पाय उचलले.

पूर्वी अडचण वेगळीच होती. आपल्याकडं जवळच्या माणसाचे आभार मानायची पद्धत नाही. मानले तर समोरचा म्हणतो, "आभार कसले? परकं करता का?" किंवा म्हणतो, "त्यात काय एवढं!" असं म्हटलं की आभार परत फिरतात आणि मानणाऱ्याच्या पायात जाऊन बसतात. एका दिवाळीत फाटकाशी एकतीस बरी झालेली माणसं फराळाच्या वेळेला ताटकळत उभी होती. तेव्हा जिल्ह्यावरून प्रशिक्षक आले आणि कर्मचाऱ्यांना आभार स्वीकारण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. हातातलं काम खाली ठेवायचं, समोरच्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "मिळाले." घाडगे सिस्टर त्यात पहिल्या आल्या. हौसाबाई अजून भिंतीकडं बघून म्हणतात. डॉक्टर तडवींचे कान लाल होतात, पण म्हणतात. आता रोज दुपारी चार ते पाच ही आभाराची वेळ आहे. लिंबाखाली बाक टाकलेला असतो. क्लार्क नाफडे घड्याळ बघत शेजारी उभे असतात.

माझं नाव रमाकांत टेंभेकर. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करतो. माझी पत्नी वैजयंती स्त्रियांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर तेवीस दिवस होती. माघात ती गेली. तिला घेऊन गाडी बाहेर पडली. मी मागून चालत निघालो आणि फाटकाशी थांबलो. पुढचं सगळं माझ्या धाकट्या भावानं केलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बाकावर जाऊन बसलो. डॉक्टर तडवी वाईट बातमी सांगताना उभे राहिले नाहीत, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले होते. त्याचे आभार मानले. घाडगे सिस्टरनी तिची नखं कापली होती, ते सांगितलं. हौसाबाई न सांगता चादर बदलायच्या. रुग्णवाहिकेच्या जगताप ड्रायव्हरनी खड्डे चुकवले होते. सगळ्यांनी "मिळाले" म्हटलं. मी फाटकाशी गेलो. उजवा पाय बाहेर पडला. डावा पडला नाही.

मी बराच वेळ तसाच उभा होतो, एक पाय गावात आणि एक पाय रुग्णालयात. मोजणीदार असल्यामुळे मी अंतर पाहिलं. डावा पाय फाटकाच्या रुळापासून चार इंच आत थांबत होता. नंतर रोज पाहिलं. चार इंचच.

डॉक्टर तडवींनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली.

"पाय उत्तम आहे," ते म्हणाले.

"मग?"

"उजवा तुमचा आहे. त्याच्या वाटचे आभार मानून झाले. डावा तुमचा दिसत नाही."

नाफडे दारात उभे होते. ते म्हणाले, "सर, डावं अंग बायकोचं. लग्नात डावीकडं बसवतात ते उगाच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं: डावा पाय पत्नीचा. आभार शिल्लक.

"बहुतेक माणसं जाण्याआधी आपलं आपलं उरकतात," नाफडे मला म्हणाले. "वहिनींचं कुणाचं राहिलंय?"

ते मला माहीत नव्हतं. वैजयंतीनं अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कुणाचे शब्दानं आभार मानलेले मी ऐकले नव्हते. एकदा गच्चीवरून उडालेली तिची साडी शेजारचे कुलथे भर उन्हात आणून द्यायला आले, तेव्हा ती म्हणाली होती, "हे काय, अनवाणी आलात? एवढं पण कळत नाही?" मग त्यांना पन्हं दिलं, आणि दोन ग्लास प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

नाफडे म्हणाले, "अशी माणसं फार अवघड."

मी हजेरीपटावरच्या चौतीस कर्मचाऱ्यांचे तिच्या वतीनं आभार मानले. स्वयंपाकघरातल्या बाईंचे, पाण्याची टाकी धुणाऱ्याचे, एकदा येऊन गेलेल्या दातांच्या डॉक्टरांचेसुद्धा. सगळ्यांनी ते रीतसर स्वीकारले. डावा पाय हलला नाही.

मग मी तिथंच राहिलो. नातेवाइकांच्या निवाऱ्यात मला एक कोपरा मिळाला. आमच्या कार्यालयानं माझी नेमणूक रुग्णालयाच्याच जागेच्या मोजणीवर केली. चार महिन्यांत मी ती जागा तीनदा मोजली. शेजारच्या शाळेचं कुंपण दीड फूट आत सरकलेलं निघालं. शाळेनं ते मान्य केलं आणि कुंपण मागं घेतलं. येणारे-जाणारे मला रस्ता विचारू लागले. एक्स-रे कुठं, इंजेक्शन कुठं, हे मी चांगलं सांगत असे. दिवस वाईट नव्हते.

माझी मुलगी केतकी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे माझं घर, रुग्णालयापासून दहा मिनिटांवर. माझी भावजय तिच्याजवळ होती. प्रसूती इथंच झाली, त्यामुळे नात मला पहिल्याच तासाला बघायला मिळाली. चौथ्या दिवशी केतकीनं घाडगे सिस्टरांचे आभार मानले, बाळ रडलं, आणि दोघी बाहेर पडल्या. मी फाटकातून हात हलवला.

बुधवारी तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी बारसं आहे. साडेदहाला."

"माहीत आहे."

"सासूबाई विचारतायत, यजमान कोण?"

"काका आहे ना."

"काका यजमान होतील, बाबा. आजोबा होणार नाहीत."

मी फाटकाकडं बघितलं.

"आईला तर येताच येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दहा मिनिटांवर आहात. पाळणा तुमच्याशिवायच हलवू का मी? पाय काढा तिथनं."

"येतो," मी म्हणालो.

"उजव्या पायानं येऊन चालणार नाही. दोन्ही घेऊन या." तिनं फोन ठेवला. हे शेवटचं वाक्य तिनं अगदी तिच्या आईसारखं म्हटलं.

माझ्याकडं चार दिवस होते. मी मला येतं तेच केलं. स्त्रियांच्या वॉर्डाचा नकाशा काढला. बारा खाटा, दोन खिडक्या, बंद पडलेला टीव्ही, पाण्याचा माठ. मग वैजयंतीच्या रोजच्या चोवीस तासांची आखणी केली आणि सात नंबरच्या खाटेशी कोण कधी यायचं ते सगळ्यांना विचारून भरत गेलो. सहाला घाडगे सिस्टर. साडेसातला नाश्ता. नऊला डॉक्टर. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळा दिवस भरला. फक्त सकाळी सात ते सव्वासात एवढी जागा मोकळी राहिली.

त्या वेळी मी आवारातल्या टपरीवर चहा आणायला जात असे. तीच पाठवायची. "चहा घेऊन या," म्हणायची, "आणि घाई करू नका."

मी नकाशा घेऊन हौसाबाईंकडं गेलो. त्या बादलीत फडकं पिळत होत्या.

"मावशी, सात ते सव्वासात हिच्याजवळ कोण असायचं?"

"तवा व्हय? तवा तो रगतवाला असायचा. तौफिक."

"रक्त घ्यायला पंधरा मिनिटं लागतात?"

हौसाबाई हसल्या. "रगत मिनटात व्हायचं. बाकीची मालिका."

"कसली मालिका?"

"टीव्हीवरची. रात्री काय झालं ते सकाळी सांगायचा बाईस्नी. समदा वार्ड कान द्यायचा. मी बी फरशी पुसत तितंच घुटमळायची. तुमास्नी म्हाईत न्हाई?"

"मी चहा आणायला जायचो."

"व्हय की," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी आलात की ती म्हणायची, बास आता, हे हसतील."

तौफिक मुलाणी हा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. तिशीचा, उंच, काडीसारखा. त्याची खोली जिन्याखाली आहे. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता.

"बसा काका. रिपोर्ट पाहिजे का कसला?"

"रिपोर्ट नको. मालिकेबद्दल विचारायचं होतं."

तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

"काकूंची शीर सापडत नव्हती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी चार वेळा टोचलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, उद्यापासून काहीतरी बोलत राहायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं, काकू मालिका बघता का? म्हणाल्या, साडेआठची बघते, पण इथला टीव्ही बंद. म्हटलं, मी बघतो ना रोज, मी सांगतो."

"आणि तू सांगायचास."

"हो." त्यानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा विझवला. "माझ्याकडं टीव्ही नाही काका."

"मग?"

"मनानंच सांगायचो. नंदिनी म्हणून एक सून आहे. तिची मोठी जाऊ फार कजाग. रोज थोडं पुढं न्यायचं आणि सुई बाहेर काढताना थांबायचं. कळायचंच नाही त्यांना, सुई कधी निघाली."

मी केतकीला फोन केला आणि विचारलं, आई साडेआठला कुठली मालिका बघायची. केतकी म्हणाली, "अहो, ती संपून दोन वर्षं झाली. शेवटचा भाग आईनं दोनदा बघितला. का?"

मी तौफिकला हे सांगितलं.

"म्हणजे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"असणार."

"मग मला थांबवलं का नाही?"

"चांगली चालली असेल," मी म्हणालो.

शुक्रवारी चार वाजता तौफिक बाकासमोर उभा राहिला. मी म्हणालो, "माझ्या दिवंगत पत्नीला रोज पंधरा मिनिटं गोष्ट सांगितल्याबद्दल तिच्या वतीनं मनःपूर्वक आभार."

"त्यात काय काका!" तौफिक म्हणाला.

नाफड्यांनी कपाळाला हात लावला. आभार परत आले. पोटरीत ते मला स्पष्ट जाणवले.

"अरे, 'मिळाले' म्हण."

"मला कुणी सांगितलंच नाही, साहेब."

चौकशी केल्यावर कळलं की तौफिक कंत्राटी आहे आणि प्रशिक्षण फक्त कायम कर्मचाऱ्यांचं झालं होतं. डॉक्टर तडवींनी खास बाब म्हणून लेखी परवानगी दिली. शनिवारी सकाळी घाडगे सिस्टरनी त्याला लिंबाखाली उभं करून दहा मिनिटांत शिकवलं.

"हात खिशातनं काढ. माझ्याकडं बघ. बूट बघू नको, मला बघ. काय म्हणायचं?"

"मिळाले."

"बक्षीस मिळाल्यासारखं नको. औषध मिळाल्यासारखं म्हण."

शनिवारी चार वाजता त्यानं बरोबर म्हटलं. सिस्टरनी मान डोलावली. मी फाटकाशी गेलो. उजवा पाय बाहेर, डावा चार इंच आत.

सगळे फाटकाशी जमले. वॉचमन भिवसननं मला बसायला त्याची खुर्ची दिली. उजवा पाय बाहेर असल्यामुळे खुर्ची दोन्हीकडं थोडी थोडी ठेवावी लागली.

"माणूस बरोबर आहे," नाफडे म्हणाले. "काम बरोबर आहे. स्वीकारलंय बरोबर. मग उरलं काय?"

"शब्द," डॉक्टर तडवी म्हणाले. "टेंभेकर, हे 'मनःपूर्वक' वगैरे तुमच्या मिसेस म्हणाल्या असत्या?"

"मेली तरी नाही," मी म्हणालो. काय म्हणालो ते मला मागाहून कळलं. डॉक्टर केसपेपर चाळू लागले. हौसाबाई एकट्या हसल्या, आणि मग मीही हसलो. या फाटकाशी मी चार महिन्यांत पहिल्यांदाच हसत होतो.

"काय म्हणाल्या असत्या?" नाफड्यांनी पेन काढलं.

"ते मला सांगता येणार नाही. ती ठरवून काही म्हणायची नाही."

तौफिक एवढा वेळ मागं उभा होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही उद्या सकाळी सातला वॉर्डात या."

"उद्या रविवार. तुझी सुट्टी."

"या तुम्ही."

रविवारी सातला मी वॉर्डात गेलो. डॉक्टर, नाफडे आणि घाडगे सिस्टर दाराशी होते. सात नंबरवर आता धोंडूबाई नावाच्या आजी होत्या. त्यांनी पाय जवळ घेतले आणि म्हणाल्या, "बस हितं." तौफिक ट्रे घेऊन आला आणि रबरी पट्टी माझ्या दंडाला बांधू लागला.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"सुई हातात नसली की मला पुढचं सुचत नाही, काका. मूठ आवळा."

हौसाबाईंनी बादली खाली ठेवली. बारा नंबरच्या बाईंनी उशी उभी करून पाठ टेकली.

"कुठं होतो आपण?" तौफिकनं विचारलं.

"ट्रंकेपाशी!" हौसाबाई म्हणाल्या. "नंदिनी एस्टी स्टँडवर ट्रंक घिऊन हुबी हाय. चार म्हैनं झालं, उघडली न्हाई का काय न्हाई."

तौफिकनं शिरेवर बोट ठेवलं. "तर नंदिनीनं ट्रंक उघडली. वर जुनी वर्तमानपत्रं. त्याच्याखाली सासूबाईंची जांभळी पैठणी."

"चोरीला गेलेली?" धोंडूबाईंनी विचारलं. त्यांनी मागचं काहीच ऐकलेलं नव्हतं.

"तीच. जावेनं सगळ्यांना सांगितलं होतं, नंदिनीनं चोरली. आणि निघाली जावेच्याच ट्रंकेत. नंदिनी म्हणाली, आता हिला दाखवतेच. पैठणी बाहेर काढली. तर घडीतनं एक चिठ्ठी पडली. अक्षर सासूबाईंचं. 'थोरले, ही तुला ठेवली आहे. धाकटीला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल.'"

"म्हंजी चोरलीच नव्हती!" हौसाबाई म्हणाल्या.

"चोरली नव्हती. म्हणजे जाऊ एवढी वर्षं खोटं का बोलली? तेवढ्यात मागनं कुणीतरी नंदिनीच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली. बघते तर..." तौफिकनं कापसाचा बोळा माझ्या कोपराच्या लवणीत दाबला. "हात मुडपून धरा. झालं."

सुई कधी निघाली ते मला कळलं नव्हतं.

"हे काय?" मी म्हणालो. "इथंच थांबवतोस? रोज मेलं असंच करतोस. आणि केवढा वाळलायस तू, गालफडं बसलीत. सकाळी काही खाऊन येत जा आधी. तो तिथं लाडूचा डबा आहे खाली, घे दोन. दोन घे म्हटलं ना!"

खाटेखाली डबा नव्हता. माघात होता. मी असं कुणाशी कधी बोललेलो नाही.

तौफिक बाटलीवर चिकटपट्टी लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"उद्या सांगतो, काकू," तो म्हणाला.

वॉर्डात कुणीही त्याची चूक काढली नाही. हौसाबाईंनी बादली उचलली. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, खूप वेळ मांडी घालून बसल्यावर उठताना येतात तशा.

नाफडे माझ्या बरोबरीनं फाटकापर्यंत चालत आले. "तो 'मिळाले' म्हणाला नाही," ते काळजीनं म्हणाले. "कागदोपत्री हे बसत नाही."

"बघू या," डॉक्टर तडवी म्हणाले.

उजवा पाय बाहेर पडला. डावा त्याच्या पाठोपाठ पडला. भिवसननं सवयीनं खुर्ची पुढं केली होती, ती मागं घेतली. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी केसपेपरवर तशी नोंद केली आणि त्याखाली लिहिलं: उद्या सातला पुन्हा दाखवणे.

"हे कशाला?" मी रस्त्यावरून विचारलं.

"नंदिनीच्या खांद्यावर हात कुणी ठेवला ते कळायला नको?" ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

घरी दारात तोरण होतं. आत पाळणा बांधून झाला होता, विहीणबाई त्याला फुलं लावत होत्या. केतकी बाळाला भावजयीच्या हातात देऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घालायला तांब्या उचलला.

"आधी डाव्यावर," मी म्हणालो.

"का?"

"तो माघापासून आत होता. आज येतोय."

केतकीनं माझ्या डाव्या पायाकडं पाहिलं. मग ती वाकली आणि सावकाश, टाचेपासून बोटांपर्यंत, सगळा तांब्या त्याच्यावर ओतला. हातानं माती निघाली का ते बघितलं. पदरानं पुसला.

"आलात दोघं वेळेवर," ती म्हणाली, आणि उजव्यासाठी दुसरा तांब्या आणायला आत गेली.